दहाव्या दिवसाचा पगार

शिरोलीच्या एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांत पगार महिन्याला होतो. आमच्याकडे तो दर दहा दिवसांनी व्हायचा. शेजारच्या कारखान्यातली माणसं चहाच्या गाड्यावर आम्हाला चिडवायची, "काय बायांनो, कामावर येताय का डेअरीला दूध घालायला?" आम्ही हसून सोडून द्यायचो, कारण त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या मालकीणबाईंनी ही पद्धत डेअरीकडूनच घेतली होती.

त्यांचं नाव महादेवी. कारखान्यात त्या सगळ्यांच्या अक्का. वयानं त्यांच्याहून मोठी असलेली हौसाबाईसुद्धा त्यांना अक्काच म्हणायची. माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीवरचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मधेच एखादा कानडी शब्द यायचा. इरकली साडी, डोक्यावर पदर, पदरावर पिवळं हेल्मेट, कपाळाला विभूती आणि पायात कामगारांचेच जाडजूड बूट. नृसिंहवाडीला गेल्यावर चपला सांभाळणारा माणूस ते बूट पुरुषांच्या रांगेत ठेवायचा आणि परत मागितले की एकदा बुटांकडे, एकदा अक्कांकडे बघत राहायचा. "माझंच हायत. पाय घालून दावू काय?" असं त्या विचारायच्या आणि खरंच पाय पुढे करायच्या.

कारखाना ओतकामाचा. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि पंपाचे, यंत्रांचे भाग काढायचे. त्या भागात जिथं पोकळी हवी असते तिथं ओतण्याआधी वाळूचा ठोकळा बसवावा लागतो. त्याला कोर म्हणतात. कोर करायचं काम आम्हा बायकांचं. लोखंड थंड झालं की तो फोडून बाहेर काढतात. म्हणजे आम्ही केलेलं काही शिल्लक राहत नाही, नुसती जागा राहते.

मी काम मागायला गेले तेव्हा अक्का फाटकाजवळच उभ्या होत्या.

"किती शिकलीस?"

"चौथी."

"भाकरी येती?"

"येती."

"न फाटता तव्यावर पडती?"

"व्हय."

"मग ये आत."

मला वाटलं थट्टा करतात. पण ओला कोर साच्यातून काढून पत्र्यावर ठेवताना कळलं. थापलेली भाकरी उचलताना हात जसा सांभाळावा लागतो, तसाच तो सांभाळावा लागतो. घाबरून मी वाळू जोरजोरात ठासत होते. अक्कांनी येऊन माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "साकु."

मी हौसाबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "बास म्हणत्यात. कानडी हाय ते."

"जास्त ठासलंस तर आत वाफ कोंडती आणि लोखंडाला फोड येतात," अक्का म्हणाल्या. "कमी ठासलंस तर ढासळतंय. कुठं थांबायचं ते हाताला कळलं पायजे."

पुढे कित्येकदा बघितलं, त्यांचा हा शब्द वाळूपुरता नव्हता. ओतणारी माणसं उन्हाळ्यात दमली की साकु. कुणी कुणाची चहाडी सांगायला लागलं की साकु. जेवणाच्या सुट्टीत हौसाबाई सुनेविषयी बोलायला लागली की तर बोट वर करून साकु.

अक्कांचे यजमान, म्हणजे आण्णा, गेले तेव्हा कारखाना विकावा असं सगळ्या भाऊबंदांचं म्हणणं होतं. अक्का तोवर घर आणि घरामागच्या म्हशी सांभाळत होत्या. त्या रोज कारखान्यात येऊन नुसत्या बसायच्या, बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. माणसं म्हणायची, बाई दुःखात आहे, चार दिवसांनी थकेल. मग एक दिवस त्यांनी पहिला हुकूम काढला तो पगाराचा. ही माझ्या आधीची गोष्ट, पण कारण त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं.

"माझ्या आईच्या हातात जन्मात एकच पैसा आला, दुधाचा. उसाचं बिल यायचं वर्षानं, ते बापाच्या हातात, आणि यायच्या आधीच संपल्यालं असायचं. दुधाचं बिल दर दहा दिवसाला. त्याच्यावर आमची चूल पेटायची. माझ्या कारखान्यात उसाचं बिल चालायचं न्हाय."

पगाराच्या दिवशी शिफ्ट सुटताना त्या साच्याची लोखंडी पेटी पालथी घालून तिच्यावर उभ्या राहायच्या. मग सगळ्यांसमोर हिशोब सांगायच्या. लोखंडाला किती गेलं, लाईटबिलाला किती, बँकेला किती, आमच्या पगाराला किती, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात किती चाललंय. सगळे आकडे मोठ्यानं. पहिल्यांदा ऐकताना मला दुसऱ्याच्या घरातलं भांडण कानावर पडल्यासारखं अवघडून आलं. नंतर सवय झाली. मग असं झालं की कुणी दिवसा दिवा चालू ठेवला की कुणीतरी ओरडायचं, "बंद कर की रं, पेटीवर ऐकायला लागतंय!"

त्यांचा मुलगा बसवराज, सगळ्यांचा बसू, पुण्याला शिकून आलेला. इंजिनिअर. तो आईला अव्वा म्हणायचा. त्याला हे पेटीवरचं बोलणं पटायचं नाही.

"अव्वा, असं कोण सांगतं कामगारांना? एखाद्या महिन्यात तोटा झाला तर माणसं पळतील."

"पळू देत की. म्हशीला काय झालंय हे ज्याला बघायचं न्हाय, त्यानं धारंला बसूच नये."

बसू हुशार होता आणि आईला मानायचाही. पण त्याला कारखाना मोठा करायचा होता, आणि ते चूक नव्हतं. आमच्या बाजूचे दोन कारखाने मोठे झाले होते. त्यांच्या फाटकात मोठे ट्रक उभे असायचे, आमच्या फाटकात छोटे टेम्पो.

अक्का दर पौर्णिमेला वाडीला जायच्या आणि गाडीत जागा असली तर आमच्यातल्या दोघींना घेऊन जायच्या. अशाच एका पौर्णिमेला हौसाबाई आणि मी बरोबर होतो, गाडी बसू चालवत होता. तिथं पुण्याकडचे एक साहेब भेटायचे ठरले होते. ट्रॅक्टर करणाऱ्या मोठ्या कंपनीत माल खरेदी करणं त्यांच्याकडे होतं. तेही दत्ताचे भक्त. दर्शन झालं, पादुकांना डोकं टेकवून झालं, आणि तिथंच त्यांनी हात जोडून अक्कांना सांगितलं, "अक्का, माल पोचला की दहा दिवसांत पैसे. देवापुढं सांगतो." अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घाटावरच्या दुकानात सगळ्यांना बासुंदी दिली, साहेबांना दोनदा.

परत येताना गाडीत बसू म्हणाला, "अव्वा, त्यांच्या ऑर्डरच्या कागदावर पैशाला नव्वद दिवस छापलंय. आपण बदलून घेऊ या."

"पादुकांसमोर उभा राहून दहा म्हणालाय तो. आता कागद पुढं करायचा म्हणजे त्याचा न्हवं, देवाचा अपमान हाय. कागद मोठा का देव मोठा?"

मागून हौसाबाई म्हणाली, "वाडीत दिल्याला शब्द कुठं जातोय?"

बसूनं गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. गाडीतल्या आम्हा सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं होतं.

मोठ्या भट्टीसाठी बँकेचं कर्ज घेतलं. दोन शिफ्ट सुरू झाल्या. फाटकात मोठे ट्रक यायला लागले. चहाच्या गाड्यावर आता कुणी डेअरीवरून चिडवायचं नाही, उलट जागा आहे का विचारायचं. साहेबांनी शब्दही पाळला. दहाव्या-बाराव्या दिवशी पैसे यायचे. साहेब खोटे नव्हतेच. पण त्यांची बदली झाली आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. नवीन साहेबांनी कागद बघितला. कागदावर नव्वद दिवस होते.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. काम इतकं की मान वर करायला फुरसत नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, यांची चांदी आहे. आणि पेटीवर अक्कांचं बोलणं मात्र दर वेळी आखूड होत चाललं. एका पगाराला त्यांनी आपल्या घराचा आकडा सांगितला तो शून्य. हौसाबाई म्हणाली, "मग जेवताय काय, अक्का?" त्या म्हणाल्या, "घरच्या म्हशी हायत की."

आणि मग तो दिवस आला. अक्का पेटीवर चढल्या आणि म्हणाल्या, "आज पगार न्हाय."

मी खांबाआड उभी होते. धाकटीच्या शाळेची फी आजच्या पगारातून भरू, असं घरी सांगून ठेवलं होतं. प्रत्येकाचं असंच काही ना काही होतं.

"चूक माझी हाय," अक्का म्हणाल्या. "बसूनं सांगितलतं. मी ऐकलं न्हाय. आता नीट ऐका. आपण रोज बादली भरून दूध घालतोय. डेअरी बिल देणार तीन महिन्यांनी. तवर म्हशीला पेंड लागती, ती बँकेकडनं उसनी आणतोय, व्याजानं. जितकं दूध जास्त, तितकी पेंड जास्त, तितकं व्याज जास्त. कामानं मोठं झालोय आणि पैशानं मरत चाललोय."

"मग डेअरी बदला की!" हौसाबाई मागून ओरडली. माणसं हसली. त्या दिवशी हसायला येईल असं वाटलं नव्हतं.

बसू मात्र हसला नाही. तो पेटीजवळ उभा होता, तिथूनच म्हणाला, "अव्वा, बदलायला दुसरी डेअरी पायजे. ही ऑर्डर सोडली तर अर्धं काम जाईल. अर्ध्या माणसांनी काय करायचं? बँक अजून कर्ज द्यायला तयार हाय. थोडी कळ काढली तर निभावंल."

तो खोटं बोलत नव्हता. सगळ्यांच्या मनात तेच होतं, की आता अर्ध्यांना काढणार, आणि त्या अर्ध्यांत आपण असणार. कोर करायचं यंत्र मिळतं हे आम्हाला माहीत होतं. ते आलं की पहिल्यांदा आम्हीच बाहेर.

अक्का म्हणाल्या, "वाळू लई ठासली आपण. वाफ कोंडलीया. आणखी ठासून फोड जात न्हाय. साकु." एवढं बोलून त्यांनी ठरलेलं सांगितलं. मोठी ऑर्डर सोडायची. एकही माणूस काढायचा नाही. एक दिवस निम्मे येतील, दुसऱ्या दिवशी उरलेले निम्मे. जेवढं काम, तेवढा पगार, पण दहाव्या दिवशी. आजचा अडकलेला पगार जुन्या मालाचे पैसे येतील तसे आधी देणार, बँकेच्या आधी. "ज्याला परवडत न्हाय त्यानं जावं. मी तोंड वाकडं करणार न्हाय. परत आला तर दार उघडं हाय."

काही माणसं गेली. चांगली ओतणारी माणसं गेली. हौसाबाईसुद्धा गेली, महिन्याच्या पगाराच्या कारखान्यात. ती जाताना रडली आणि अक्कांनी तिला खणानारळ दिला, लेकीला सासरी पाठवताना देतात तसा.

ऑर्डर बंद होणार म्हटल्यावर नवीन साहेब स्वतः गाडी घेऊन आले. ऑफिसात चहा द्यायला त्या दिवशी मीच होते, म्हणून ऐकलं.

"अक्का, एवढी मोठी ऑर्डर कोण सोडतं? लोक आमच्या मागं लागतात."

"पावणं, चहा घ्या. तुमचा पगार कवा होतोय?"

"एक तारखेला."

"कंपनीनं सांगितलं, पगार तीन महिन्यांनी घ्या, तर?"

साहेब हसले. "नोकरी सोडेन की."

"मग मी बी तेच करतोय."

साहेबांनी चहा संपवला. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "कंपनीचा नियम आहे, अक्का, माझ्या हातात काही नाही." अक्का म्हणाल्या, "म्हणून तर. ज्याच्या हातात हाय त्याला पाठवा."

पुढचं वर्ष ओढगस्तीचं गेलं. अक्का आणि बसू टेम्पोतून हिंडायचे. शाहूपुरीतल्या यंत्रांच्या दुकानात, पंपवाल्यांकडे, पिठाच्या गिरण्या करणाऱ्यांकडे. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाला लागणारे चरकाचे रोलर आम्ही त्याच वर्षी करायला लागलो. छोटी गिऱ्हाइकं, छोटा माल, पण माल उचलताना पैसे. आता अक्का प्रत्येकाकडून कागदावर लिहून घ्यायच्या. बसू लिहायचा आणि अक्का मोठ्यानं वाचायला लावायच्या. कुणी म्हणालं, "अक्का, आमच्यावर विश्वास न्हाय व्हय?" तर त्या म्हणायच्या, "विश्वास हाय म्हणूनच लिहितोय. विश्वास नसता तर चहा बी दिला नसता."

बँकेचं काम मात्र बसूनं केलं. कर्जाचे हप्ते लांबवून आणायला तो किती खेटे घालत होता ते आम्ही बघत होतो. एकदा अक्का पेटीवरून म्हणाल्या, "आज बँक गप हाय, ती बसूमुळं. माझ्या तोंडावर बँक गप बसली नसती." एवढ्या लोकांत आईनं नाव काढलं म्हटल्यावर बसू लाजून भट्टीकडे निघून गेला. मला विचाराल तर कारखाना दोघांनी वाचवला. माणसं अक्कांनी धरून ठेवली, पैसा बसूनं.

मोठी भट्टी थंड पडून होती. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, हिला कशाला हार, ही चालत कुठं हाय? अक्कांनी सगळ्यांत मोठा हार तिलाच घातला. म्हणाल्या, "भाकड म्हशीला बी पाडव्याला सजवत्यात की. वेतावर येईल तवा तुम्हीच पुढं पळाल भांडं घेऊन."

एक दिवस फाटकात हौसाबाई उभी दिसली, डबा हातात घेऊन. महिन्याच्या पगाराचे तिचे दोन महिने अडकले होते. अक्का तिच्याकडे बघत म्हणाल्या, "काय गं, उसाचं बिल आलं न्हाय वाटतं अजून?"

"टोमणे मारा, पण आत घ्या," हौसाबाई म्हणाली.

"तुझी पाटी मी कुणाला दिलीच न्हाय," असं म्हणून अक्का पुढे चालू लागल्या. खरंच, तिची वाळूची पाटी तिच्या जागेवरच होती.

सगळ्यांना रोज काम मिळायला लागलं, पेटीवर अक्का पुन्हा लांब बोलायला लागल्या. मग एका पाडव्यानंतर त्यांनी सांगितलं, भट्टीची धग आता सोसत नाही, मी गावी जाते. माहेरच्या गावी जुनं घर होतं, तिथं त्या दोन म्हशी घेऊन राहिल्या. पेटीवर बसू उभा राहायला लागला. सुरुवातीला आकडे सांगताना तो हातातल्या कागदावरून नजर काढायचा नाही. ज्याला हे कधीच पटलं नव्हतं, त्यानं एकही पगार न बोलता जाऊ दिला नाही.

यंदा ती ट्रॅक्टरवाली कंपनी परत आली. या वेळी ज्यांच्या हातात होतं ते साहेब आले. लोखंड त्यांनी द्यायचं, आम्ही फक्त ओतून द्यायचं, मजुरीचे पैसे दहा दिवसांत, आणि हे सगळं कागदावर. मोठी भट्टी पेटवायच्या दिवशी बसू अक्कांना आणायला गेला, तर त्या आल्या नाहीत. "मी आलो तर समदी माझ्याकडंच बघत बसतील. तुझ्याकडं कोण बघणार?" असं म्हणाल्या, असं त्यानं आम्हाला येऊन सांगितलं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी हौसाबाई आणि मी पेढे घेऊन त्यांच्या गावी गेलो. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, डेअरीला गेल्यात. आम्ही तिकडे गेलो. दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती आणि रांगेच्या मध्यावर हातात कॅन घेऊन अक्का उभ्या होत्या. पायात तेच बूट, आता वाळूऐवजी शेणानं माखलेले.

"अक्का!" हौसाबाई लांबूनच ओरडली. "तुमी रांगेत? कारखान्याच्या मालकीण तुमी!"

"का गं, माझी म्हैस काय निराळं दूध देती?"

पेढे देताच हौसाबाईनं सगळं एका दमात सांगितलं. भट्टी कशी पेटली, नारळ कुणी फोडला, ट्रक केवढा होता, चहाच्या गाड्यावरची माणसं कशी बघत होती. रांग सरकली की अक्का कॅन पायानं पुढे ढकलायच्या आणि ऐकायच्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सुमे, तू सांग. दहाव्या दिवशी मिळतंय न्हवं?"

"मिळतंय."

"मोठ्या भट्टीचं काम आल्यापास्नं?"

"एकदा बी चुकलं न्हाय."

"मग चाललंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा नंबर आला.

त्यांनी दूध मापात ओतलं, कॅन उलटा धरून शेवटचा थेंब पडू दिला आणि हात पुढे करून उभ्या राहिल्या. खिडकीतला माणूस पुढच्या कॅनकडे वळला होता. मागचा म्हातारा वैतागला.

"अक्का, सरका की फुडं. पावती देईल सावकाश. गावातलीच डेअरी हाय."

अक्का हलल्या नाहीत. हात तसाच पुढे होता.

"देवाची असती," त्या म्हणाल्या, "तरी घेऊनच गेलो असतो."